आहेर साहेबांचा माउंट

बिघडलेली वस्तू घरात नुसती पडून असेल तर तिला भंगार म्हणतात. तिच्याभोवती तीन माणसं पान्हे घेऊन बसली की किस्से सुरू होतात. वस्तू दुरुस्त होवो न होवो, किस्से होतातच! आमच्याकडे वर्षभरात इतके साचलेत की माझी बायको म्हणते, "पाहुण्यांसमोर तुम्ही सुरू झालात की मी सरळ कुकर लावते. वरण-भात होतो, तुमचं आटपत नाही."

तरी सांगतो. सगळे नाही, ठळक ठळक.

आधी माणसं सांगतो, म्हणजे मध्येच "हा कोण?" असं विचारून माझी लिंक तोडू नका. मी विलास. अंबडला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. माझं डोकं लवकर तापतं असं लोक म्हणतात, आणि लोक असं म्हणतात म्हणून ते आणखी तापतं. दुसरे गायकवाड सर, तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले. आकाशातलं सगळं तोंडपाठ, पण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे दर वेळी विचारणार. तिसरे सलीमभाई. भद्रकालीत त्यांचं शिलाई मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे. मिशीच्या केसाएवढा बारीक स्क्रू जमिनीवर पडला तर ते डोळे मिटून हाताने शोधतात.

आणि चौथा हा माउंट. दुर्बीण म्हणजे नुसती नळी हो! तिला धरून ठेवणारं, हवं तिकडे वळवणारं जे लोखंडी धूड असतं तो माउंट. पृथ्वी फिरते, म्हणून तारा दुर्बिणीतून मिनिटभरात निसटून जातो. चांगला माउंट त्याच चालीने नळी मागे फिरवत राहतो आणि तारा जागच्या जागी थांबतो. एवढंच त्याचं काम. पण ते एवढंसं काम करून घेता घेता आमच्या तोंडाला फेस आला.

*

सुरुवात मोबाइलवर झाली. इंदिरानगरच्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत फिरत एक फोटो माझ्याकडे आला. तीन पायांवर एक काळं, गंजलेलं डोकं, बाजूला दांड्यावर अडकवलेलं वजन. खाली लिहिलेलं, "हे मशीन देणे आहे. शेवयांचं नाही. उसाच्या रसाचं नाही. कशाचं आहे ते ह्यांनाच माहीत होतं." आणि नाव, मंदाकिनी आहेर.

मी त्या 'होतं'पाशीच अडकलो. आहेर साहेब गेले, हे मला असं कळलं.

एकोणीस वर्षांचा असताना मी ओझरला विमानांच्या कारखान्यात ॲप्रेंटिस होतो. आहेर साहेब इन्स्पेक्शनला. आपण दिवसभर घासून, पॉलिश करून जॉब न्यायचा. साहेब तो दोन बोटांत धरायचे, जरासा हलवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "विलास, थोडा प्ले आहे." प्ले म्हणजे दोन भागांमधली ढिलाई. केसाएवढी असली तरी त्यांच्या बोटांना कळायची. ओरडणं नाही, काही नाही. जॉब परत माझ्या हातात. पूर्ण ॲप्रेंटिसशिपमध्ये त्यांनी माझ्या एकाही जॉबला पहिल्या फटक्यात "ठीक आहे" म्हटलं नाही. शेवटच्या दिवशी मुद्दाम जीव ओतून एक जॉब केला. साहेबांनी हलवला, डोळे मिटले. "बराय. पण थोडा प्ले आहे."

पुढे मी स्वतःचं लेथ टाकलं. चाळीस वर्षं झाली, गिऱ्हाइकं खूश आहेत. पण खरं सांगू? अजून कुठलाही जॉब हातावेगळा करताना मी तो दोन बोटांत धरून हलवतो आणि कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून थांबतो.

मंदाकिनीकाकूंच्या घरी गेलो. त्यांनी मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर कोणाकडून तरी जुनं घेऊन आले. अकरा वर्षं खोलत होते, जोडत होते."

"दुर्बीण कुठंय याच्यावरची?" मी विचारलं.

"ती घेतलीच नाही! म्हणायचे, आधी बसायची जागा नीट होऊ दे, मग पाहुणा बोलवू."

मी किंमत विचारली तर काकू रागावल्या. "पैसे नकोत. ह्यांनी मला शनीचं कडं दाखवायचं कबूल केलेलं. दर रविवारी विचारायची, की म्हणायचे, पुढच्या रविवारी. तू हे चालू कर आणि मला तेवढं कडं दाखव. बाकी मशीन तुझं."

"काकू, महिन्यात दाखवतो!" मी म्हणालो.

महिन्यात!

*

माउंट वर्कशॉपमध्ये आणून वर्तमानपत्र पसरून उघडला. आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं. गायकवाड सर शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक भागाचं खगोलशास्त्रातलं महत्त्व समजावत होते. सलीमभाई रॉकेलच्या फडक्याने पुसत होते. मोठं दातेरी चाक बाहेर काढलं तर त्याच्या खाली चांदीसारखी कसलीतरी पातळ पट्टी निघाली. मग अजून एक. मग अजून सहा.

ढिलाई घालवायला फटीत पातळ पट्टी घालतात, तिला आम्ही शिम म्हणतो. शिम पितळेची असते, स्टीलची असते. ही कशाची होती ते कळेना. मी भिंगाखाली धरली, तर तिच्यावर बारीक अक्षरं! अर्धं नाव आणि पुढे 'रोज सकाळी'.

संध्याकाळी काकूंना नेऊन दाखवली. त्या एकदम उठून बसल्या. "अरे, ही माझी बीपीची गोळी! रिकामी पाकिटं कुठं जातात म्हणून मी कामवालीवर संशय घेत होते!"

आहेर साहेब, ज्यांनी माझे जॉब केसाच्या फरकाने परत पाठवले, त्यांनी बायकोच्या गोळ्यांच्या पाकिटाचा कागद कातरून शिम केल्या होत्या! मी म्हणालो, "काकू, हे काढून मी नीट पितळेच्या घालतो."

काकू पट्टी हातात घेऊन बघत राहिल्या. "साहेबांचं काम तू बदलणार?"

घातल्या परत. सरळ केल्या, पुसल्या आणि जिथल्या तिथे घातल्या.

सगळं जोडून झालं आणि टेबलावर एक वॉशर उरला. माझं डोकं फिरलं. पुन्हा सगळं खोलायचं? सलीमभाईंनी तो वॉशर शांतपणे उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. "आमच्या धंद्यातपण उरतो, विलासभाई. गिऱ्हाइकाला दाखवायचा नाय, बस."

मी पुन्हा सगळं खोललं.

*

हा माउंट बनलेला कुठल्यातरी थंड देशात. त्याची मान ध्रुवताऱ्याकडे रोखावी लागते. त्या लोकांचा ध्रुवतारा आकाशात चांगला उंच असतो. आपल्या नाशकात तो क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर. आणि या पठ्ठ्याची मान तीस अंशांच्या खाली वाकेचना! पट्टीवर तीसचा आकडा आणि पुढे सपाट लोखंड.

गायकवाड सरांनी तोडगा काढला. "मान वाकत नसेल तर पाय वाकवू. पुढचा एक पाय आखूड करा, सगळंच धूड झुकेल." केलं. धूड झुकलं. झुकत झुकत ते काकूंच्या गच्चीवरच्या ओव्याच्या कुंडीवर जाऊन आडवं झालं आणि सहा किलोचं वजन सुटून सरांच्या चपलेवर पडलं. चप्पल तेवढ्यापुरती रिकामी होती म्हणून बरं! सर म्हणाले, "तत्त्व बरोबर होतं."

मग मी मानेच्या खालचं लोखंड रोज संध्याकाळी थोडं थोडं घासायला घेतलं. काकूंचा दररोज फोन.

"विलास, कुठपर्यंत आलं?"

"पंचविसावर आणलंय काकू. वीसवर जायचंय."

"म्हणजे पाचच राहिले ना? तेवढी मी मान वाकडी करून बघेन!"

मी हसलो. हसण्यावारी नेलं, असं म्हणायला पाहिजे.

*

वीस अंश झाले. आता ध्रुवतारा शोधायचा. काकूंच्या गच्चीवरून उत्तरेला बघितलं तर नव्या नव्या बिल्डिंगा. सरांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि ते त्या लोखंडी धुडाला टेकवून धरलं. शाळेत पोरांना शिकवलेलं असणार की लोखंडाजवळ होकायंत्र चुकतं. पण शिकवणारा माणूस सर होता, बघणारा माणूस गायकवाड होता.

"तो बघा! त्या दोन इमारतींच्या मध्ये. तोच ध्रुव!"

मी म्हणालो, "सर, लालसर वाटतोय."

"धूळ, विलासराव. शहराच्या धुळीने सगळे तारे तांबूस झालेत."

आठ वाजले होते. आम्ही अर्धा तास त्या ताऱ्यावर माउंटची मान रोखली. स्क्रू आवळले. तारा तसूभरही हलेना. सर आनंदाने लाल झाले. "बघितलंत? सगळे तारे सरकतात, हा एकटा स्थिर! विश्वाचा खुंटा आहे हा, खुंटा!"

सर बोलत होते, तेवढ्यात ध्रुवतारा हळूच डावीकडे निघाला. त्याच्या खाली सिमेंटची बादली लटकत होती. बिल्डिंगच्या क्रेनवरचा दिवा होता तो! स्लॅबचं काम सुरू झालं होतं.

काकू खुर्चीत बसून आमची गंमत बघत होत्या. म्हणाल्या, "जाऊ द्या सर. निदान हलताना तरी काहीतरी दिसलं."

*

या पुढचा किस्सा मी एरवी सांगत नाही. पण आज बसलोच आहोत तर सांगतो.

डिसेंबरात सगळं जवळजवळ झालं होतं. गायकवाड सरांकडे चार इंची भिंगाची सुरेख नळी होती. माउंट नसल्यामुळे वर्षानुवर्षं कापडात गुंडाळून ठेवलेली. ती चढवली, बॅटरीवर मोटार सुरू केली आणि तारा थांबला. वीस मिनिटं थांबला! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. पण मी नळीला बोट लावलं की तारा थरथरायचा, आणि परत जागेवर यायला दोन सेकंद लागायचे.

काकू त्या दिवशी मोरपंखी साडी नेसून गच्चीवर आल्या होत्या. हातात भाजलेल्या नागलीच्या पापडांचं ताट. "आज ना?"

मी म्हणालो, "आज नाही काकू. थोडा प्ले आहे."

माझ्या तोंडून ते शब्द गेले आणि मला बरं वाटलं हो! साहेबांच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. काकूंनी ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. साधी साडी. मी म्हणालो, उद्या. मग परवा. मी चाक सैल करत होतो, आवळत होतो, सैल करत होतो. शनी दक्षिणेला डोक्यावर ठणठणीत चमकत होता, आणि आम्ही तिघं खाली मान घालून बसलेलो.

शेवटी सलीमभाई म्हणाले, "विलासभाई, माउंट का काम बाद में करो. ही नळी काढा, गच्चीच्या कठड्यावर टेकवा, खाली उशी लावा. काकूंना शनी दाखवून टाका. निसटला तर हाताने सरकवू. दोन मिनिटांचं काम आहे."

आणि मी काय बोललो? मी त्यांच्या अंगावर ओरडलो. "भाई, हे शिलाई मशीन नाहीये, हाताने चाक फिरवून टाका मारायला! करायचं तर नीट करायचं!"

सलीमभाईंनी फडकं घडी करून ठेवलं. काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माहेर त्यांचं कळवणकडचं. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण चिडल्या की माहेर बाहेर येतं.

"माले कडं दखानं शे रे विलास! तुमनं मशीन नही!"

मला कडं बघायचंय, तुमचं मशीन नाही. याहून स्पष्ट कोणी काय बोलणार? आणि तरी मी म्हणालो, "काकू, फक्त चार दिवस द्या."

का म्हणालो असेन? मी नंतर पुष्कळ विचार केला. मला कोणाला शनी दाखवायचाच नव्हता. मला तो माउंट दोन बोटांत धरून हलवणाऱ्या माणसाकडून "ठीक आहे" ऐकायचं होतं. तो माणूस भिंतीवरच्या फोटोत होता, आणि त्याची बायको खाली माझी वाट बघत बसली होती. शरम वाटते सांगताना.

*

फेब्रुवारीत शनी संध्याकाळच्या उजेडात बुडाला. सरांनी सांगितलं, आता तो सूर्याच्या पलीकडे. मग पहाटे उगवणार, मग पावसाळा. संध्याकाळी नीट दिसायला दिवाळी उजाडेल.

हे काकूंना सांगायला कोणी जायचं यावर आमच्यात बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी तिघंही गेलो. काकूंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "साहेब फक्त पुढच्या रविवारचं सांगायचे. तू तर दिवाळीवर नेलंस. तू त्यांच्याही पुढे गेलास!"

त्यांनी चहा केला. आम्ही प्यायलो. तिघांनीही बशीत बघत प्यायलो.

*

पावसाळ्यात माझ्याकडे काम मंद असतं. दार लावून मी माउंटच्या मागे लागलो. नवीन बेअरिंग घातले, चाकाला फिरवणारा आट्यांचा दांडा, ज्याला वर्म म्हणतात, तो घासून बसवला, आणि साहेबांच्या त्या चंदेरी पट्ट्या होत्या तिथेच ठेवल्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक दिवस नळीला टिचकी मारली आणि काहीच झालं नाही. थरथर नाही, ढिलाई नाही. मान दोन बोटांत धरली. हलवली. डोळे मिटले. शून्य! चाळीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालेलं नाही.

मी मोठ्याने म्हणालो, "साहेब, बघा."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी ग्राइंडर चालवत होतं. मी तसाच पाच मिनिटं उभा होतो. मग लाइट बंद केली आणि घरी गेलो. बायकोने विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "झालं." एवढीच त्याची पोचपावती. त्या रात्री मला साहेबांची इतकी आठवण आली की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अरे, बरं झालं. मी दिवाळीनंतर बडोद्याला चालले. पोरगा एकटीला ठेवायला तयार नाही. घराला गिऱ्हाईक बघितलंय."

"परत कधी येणार?"

"घरच नाही तर येऊन उतरू कुठं?"

*

तर आता शेवटचा.

दिवाळी झाली. काकूंच्या घरात खोकी बांधलेली. भिंतीवरचा साहेबांचा फोटोसुद्धा कागदात गुंडाळलेला. परवा गाडी येणार होती. आकाश स्वच्छ, हवेत बारीक गारवा. सात वाजता आम्ही तिघं गच्चीवर. सलीमभाई आले होते! मी वर्षभरापूर्वी ओरडलो, त्याची माफी मी कधी मागितली नाही आणि त्यांनी ती कधी मागू दिली नाही. त्यांनी पहिल्यासारखंच फडकं काढलं आणि नळी पुसायला घेतली.

खरा ध्रुव आम्हाला एव्हाना सापडला होता. मान रोखली. मोटार सुरू केली. नळी शनीवर वळवली. सर म्हणाले, "पहिला मान माझा," आणि त्यांनी डोळा लावला.

सर काहीच बोलेनात. एरवी हा माणूस शनीवर पाऊण तास बोलतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळा लावला. मग बाजूला झाले आणि कठड्यावर जाऊन बसले.

मी बघितलं. पिवळसर, वाटोळा, स्थिर गोळा. जागचा हलत नव्हता. आणि त्याच्या आरपार गेलेली सुईएवढी बारीक रेघ. बस. कडं नव्हतं.

"सर, कडं कुठंय?"

सर कठड्यावरूनच म्हणाले, "चौदा-पंधरा वर्षांनी एकदा असं होतं, विलासराव. कडं कागदासारखं पातळ आहे. ते फिरत फिरत आपल्याकडे नेमकी कड करतं. मग दिसत नाही. गेल्या वर्षी दिसत होतं. अजून दोन-तीन वर्षांनी पुन्हा चांगलं उघडेल." मग म्हणाले, "तीस वर्षं शिकवलंय मी हे. फळ्यावर आकृती काढून शिकवलंय."

मला सरांवर ओरडायचं होतं. खरंच ओरडायचं होतं. पण कोणत्या तोंडाने ओरडणार? गेल्या डिसेंबरात दोन मिनिटांत, एका उशीवर दाखवता आलं असतं. सलीमभाईंनी सांगितलं होतं. मी चार दिवस मागितले होते, आणि त्या चार दिवसांत कडं मिटून गेलं.

"काकूंना काय सांगायचं?" सलीमभाई हळूच म्हणाले.

"खरं ते सांगायचं," मी म्हणालो. तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या.

काकू मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. केस नीट विंचरलेले. गुडघे धरत धरत त्या शेवटची पायरी चढल्या. मी पुढे झालो. "काकू, एक सांगायचंय..."

"नंतर सांग," काकू म्हणाल्या. "अकरा आणि एक, बारा वर्षं झाली. आता आधी बघू दे."

त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढली, बसल्या, पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि डोळा लावला. सर जमिनीकडे बघत होते. सलीमभाईंचे ओठ हलत होते, दुआ मागत असावेत.

मिनिट झालं. दोन झाली. माउंट आवाज न करता चालत होता.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "केवढं मोठं आहे रे!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"वाकडं बसलंय जरा. उजवीकडून वर, डावीकडून खाली. टोपीचा काठ असावा तसं. आणि त्याच्यातसुद्धा एक काळी फट आहे."

सर ताडकन उठले. मी म्हणालो, "काकू, जरा मला बघू द्या." काकू हसत बाजूला झाल्या. मी बघितलं. गोळा आणि सुईची रेघ. सरांनी बघितलं, मान हलवली. सलीमभाईंनी बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "माशाल्ला, काकू."

पण माझ्यातला फिटर मरतो कुठं? मी विचारलं, "काकू, ती फट सगळीकडे सारखी आहे का?"

काकूंनी परत डोळा लावला. "नाही रे. दोन्ही टोकांना रुंद आहे. मध्ये, गोळ्याजवळ, बारीक होत होत जाते आणि दिसेनाशी होते."

गायकवाड सरांनी माझा दंड धरला. "फळ्यावर मी अशीच काढायचो," ते कानात म्हणाले. "कडं पूर्ण उघडं असतं ना, तेव्हा ते अस्संच दिसतं."

काकूंना आमचं काही ऐकू येत नव्हतं. त्या नळीवर वाकल्या होत्या, एक हात माउंटच्या मानेवर ठेवून. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"अहो," काकू म्हणाल्या, "दिसलं बरं का."